रेषा आणि ओळंबा : वास्तुशिक्षणातील सोळा आठवडे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत 'उमेदवारी' हा एक जुना, अर्थपूर्ण शब्द आहे. आज तो बहुतेक निवडणुकीच्या बातम्यांपुरता उरला आहे. पण पूर्वी वकिलाच्या कचेरीत, सराफाच्या पेढीवर, छापखान्यात किंवा सुताराच्या कारखान्यात नवशिका मुलगा राहू लागला, की तो तेथे उमेदवारी करतो असे म्हणत. काम पाहत पाहत शिकणे, चुकत चुकत हात बसवणे आणि एके दिवशी जबाबदारी पेलण्यास पात्र होणे, हा सारा प्रवास त्या एका शब्दात सामावलेला होता. आज 'इंटर्नशिप' या शब्दाने जे सांगितले जाते, ते मुळात हेच. वास्तुकलेच्या शिक्षणात या उमेदवारीला नियमांनी स्थान दिलेले आहे. ते स्थान किती मोठे आहे, त्याचा उपयोग कसा होतो आणि तो अधिक चांगला कसा होईल, हा या व्याख्यानाचा विषय.

हा विषय या व्यासपीठावर मांडण्यास कारण आहे. बारावीनंतर वास्तुकलेकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या घरी पहिली तीन वर्षे एकच दृश्य दिसते : पुठ्ठ्याची प्रतिकृती, रात्रीची जागरणे आणि भिंतीला टेकवून ठेवलेले कागदांचे भेंडोळे. मग चौथ्या किंवा पाचव्या वर्षी मूल एकाएकी दुसऱ्या शहरात चार महिन्यांसाठी जाते, कोणा वास्तुविशारदाच्या कार्यालयात बसते, आणि घरची माणसे विचारतात : शुल्क महाविद्यालयाला भरायचे आणि काम दुसऱ्याचे करायचे, हे शिक्षण कसले? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका साध्या जिन्यापासून सुरू करता येईल.

समजा, एका मजल्याची उंची ३,००० मिलिमीटर आहे. विद्यार्थी हिशेब करतो : २० पायऱ्या, प्रत्येकीची उंची १५० मिलिमीटर. कागदावर हे गणित निर्दोष आहे आणि परीक्षक त्यास पूर्ण गुण देतील. त्या मापाने सेंट्रिंग होते, काँक्रीट ओतले जाते. पुढे फरशी बसवण्याची वेळ येते. खोलीच्या जमिनीवर खालचा थर धरून ७५ मिलिमीटर जाडीची फरशी येते, तर पायरीवर ४० मिलिमीटरचा दगड बसतो. परिणामी खालची पहिली पायरी ११५ मिलिमीटरची होते आणि वरची शेवटची १८५ मिलिमीटरची. मधल्या साऱ्या पायऱ्या मात्र १५०च्याच राहतात. चढणाऱ्याचे पाऊल एका ठेक्यात पडत असते. तो ठेका पहिल्या आणि शेवटच्या पायरीवर मोडतो, आणि घरातील वृद्ध माणूस नेमका तेथे अडखळतो. गणित चुकलेले नसते. काँक्रीटच्या आणि फरशीच्या वेगवेगळ्या वेळा असतात, वेगवेगळी माणसे असतात, आणि नकाशा काढणाऱ्याने त्या दोन्हींचा आधीच विचार करायचा असतो, ही गोष्ट त्याला ठाऊक नसते.

स्नानगृहाचेही तसेच. विटेपासून विटेपर्यंत १,२०० मिलिमीटर रुंदी दाखवली, तर गिलावा आणि टाइल चढल्यानंतर दोन्ही बाजूंची मिळून ६० ते ७० मिलिमीटर जागा जाते. बाजारातून आणलेले उपकरण मग तेथे बसत नाही. वर्गात हे सांगितले जात नाही असे नव्हे. पण सांगितलेले आणि अंगवळणी पडलेले यांत अंतर असते. नवशिक्याने एकदा गवंड्याशेजारी उभे राहून ओळंबा सोडलेला पाहिला, टेप धरून स्वतः माप घेतले आणि आपल्याच नकाशातील आकडा प्रत्यक्षात जुळत नाही हे अनुभवले, की ते अंतर संपते. उमेदवारीचे प्रयोजन हे आहे.

आता नियमांकडे वळू. संसदेने १९७२ साली वास्तुविशारद अधिनियम संमत केला. त्यानुसार वास्तुकला परिषद स्थापन झाली आणि शिक्षणाचे किमान निकष ठरवण्याचे काम तिच्याकडे आले. परिषदेच्या १९८३ च्या विनियमांनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात सुमारे १६ आठवड्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण अंतर्भूत केले. २०२० मध्ये विनियम नव्याने आले, तरी एका सत्राची ही तरतूद कायम राहिली. काही महाविद्यालये याहून अधिक काळ देतात, पण किमान मर्यादा तेवढीच.

हे १६ आठवडे मोलाचे का, हे पुढच्या गोष्टीवरून कळते. भारतात वास्तुकलेची मान्यताप्राप्त पदवी मिळाली की परिषदेकडे नोंदणी करता येते. पदवीनंतर अमुक वर्षे अनुभव घ्या, मग स्वतंत्र परीक्षा द्या, अशी अट आजवर नाही. पदवी घेतलेला तरुण दुसऱ्याच महिन्यात स्वतःच्या नावाची पाटी लावू शकतो. वैद्यकाचे उदाहरण पालकांना परिचित आहे. एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याला वर्षभर रुग्णालयात सक्तीची उमेदवारी करावी लागते, तेव्हाच त्याची कायम नोंदणी होते. ब्रिटनमध्ये वास्तुविशारद होऊ पाहणाऱ्याकडून कित्येक दशके २४ महिन्यांच्या अनुभवाची अपेक्षा ठेवली गेली. अमेरिकेत अनुभवाचे ३,७४० तास नोंदवावे लागतात आणि शिवाय परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडील १६ आठवडे, आठवड्याला ४८ तास धरले तरी, ७६८ तास भरतात, म्हणजे त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. वर्ग आणि व्यवसाय यांच्यामध्ये नियमांनी बांधलेला पूल एवढाच आहे. तो अरुंद असल्याने त्यावरचे प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते.

शास्त्र आणि कर्म यांची सांगड घालण्याचा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. अकराव्या शतकात धारच्या भोजराजाच्या नावे असलेल्या 'समराङ्गणसूत्रधार' या ग्रंथात स्थपतीच्या ठायी शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील असे चार गुण मागितले आहेत. केवळ शास्त्र जाणणारा, पण कामात न मुरलेला माणूस प्रत्यक्ष कृतीच्या वेळी गांगरून जातो, असे त्या ग्रंथाचे म्हणणे आहे. उलट केवळ हस्तकौशल्य असून शास्त्र नसेल, तर तेही त्याला अपुरेच वाटते. मंदिरे बांधणाऱ्या घराण्यांत हे दोन्ही एकाच अंगणात शिकवले जाई. गुजरातेतील सोमपुरा शिल्पींनी ही परंपरा आधुनिक काळापर्यंत जिवंत ठेवली. स्वातंत्र्यानंतर सोमनाथाचे मंदिर नव्याने उभे राहिले, ते प्रभाशंकर सोमपुरा यांच्या आराखड्यानुसार.

इंग्रजी अमदानीत हे शिक्षण अंगणातून वर्गात आले. मुंबईतील सर जे. जे. कलाशाळेत वास्तुकलेचे वर्ग सुरू झाले, तेव्हा शिकवणारे बहुधा स्वतः इमारती बांधणारे असत. मुंबई सेंट्रल स्थानकाचे वास्तुविशारद क्लॉड बॅटली हे त्यांपैकी एक. एकीकडे त्यांचे व्यावसायिक कार्यालय चालू होते आणि दुसरीकडे ते विद्यार्थ्यांना शिकवत होते. जुन्या भारतीय इमारतींची जागेवर जाऊन मोजणी करणे आणि त्यांचे बिनचूक आरेखन करणे यावर त्यांचा भर होता. मोजणी ही उमेदवारीची पहिली पायरीच आहे. जो दुसऱ्याने बांधलेले नीट मोजतो, तोच पुढे स्वतःचे नीट बांधतो.

माजी विद्यार्थ्यांच्या या मेळाव्यात एक घटना आवर्जून सांगण्याजोगी आहे. १२ मे १९१७ रोजी जे. जे. कलाशाळेतून वास्तुकला शिकून बाहेर पडलेले काही विद्यार्थी एकत्र आले. मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या पुढाकाराने त्यांनी एक संघ स्थापन केला. तो १९२२ मध्ये 'बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन' झाला आणि १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स'. वास्तुविशारदांच्या देशव्यापी संस्थेचे मूळ एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत आहे. शिक्षण आणि व्यवसाय यांना जोडणारी माणसे कोण असतात, याचे उत्तर या इतिहासातच मिळते.

पुढच्या पिढीतील दोन जीवनक्रम या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ चा, पुण्याचा. घरी लाकडी सामानाचा व्यवसाय होता. जे. जे. मधील शिक्षणानंतर ते युरोपात गेले आणि १९५१ पासून पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात राहिले. सुरुवातीचे काही महिने त्यांना वेतनही नव्हते. तेथे चंदीगड आणि अहमदाबाद येथील इमारतींचे आराखडे त्यांच्या हातून गेले, आणि त्याच अहमदाबादच्या इमारतींच्या बांधकामावर देखरेख करण्यासाठी ते १९५४ मध्ये परतले. कागदावर ओढलेली रेषा आणि तिची झालेली भिंत, दोन्ही त्यांनी पाहिली. १९६२ मध्ये अहमदाबादेत वास्तुकलेचे विद्यालय उभारताना हा अनुभव त्यांच्या गाठी होता. २०१८ चा प्रिट्झ्कर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे अच्युत कानविंदे. १९१६ साली कोकणातील आचरे येथे जन्मलेले कानविंदे जे. जे. मधून बाहेर पडले ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत रुजू झाले, हार्वर्डला ग्रोपियस यांच्याकडे शिकले आणि १९५५ मध्ये दिल्लीत शौकत राय यांच्यासह त्यांनी आपले कार्यालय थाटले. आय.आय.टी. कानपूरची वास्तू या कार्यालयाची. महाराष्ट्राबाहेर घडलेल्या मराठी कर्तृत्वाचा हा एक ठळक दाखला.

दोशींचा बिनपगारी काळ मात्र आदर्श म्हणून सांगू नये. ज्याच्या पाठीशी कोणीतरी उभे असते, तोच बिनपगारी राहू शकतो. आज लहान गावातील विद्यार्थी मोठ्या शहरातील नामांकित कार्यालयात निवडला जातो, पण तेथील खोलीचे भाडे, खानावळ आणि प्रवास परवडत नाही म्हणून ती संधी सोडतो. गुणवत्ता असूनही दार बंद होते. काही कार्यालये योग्य विद्यावेतन देतात, काही नाममात्र देतात, काही अनुभव हेच वेतन असे सुनावतात. उमेदवाराकडून कार्यालयाला काहीच मिळत नसते, तर हे म्हणणे मान्य करता आले असते. पण तो रात्री उशिरापर्यंत बसून नकाशे पुरे करत असेल, तर त्याच्या श्रमाला किंमत आहे, आणि ती दिली गेली पाहिजे.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. संगणकावर हात सफाईने चालणारा विद्यार्थी कार्यालयाला हवाच असतो. त्याला पहिल्या दिवशी एका जागी बसवले जाते आणि सोळाव्या आठवड्यात तो त्याच जागेवरून उठतो. मधल्या काळात त्याने एकाच गृहसंकुलाच्या शौचालयांचे नकाशे पंचवीस वेळा दुरुस्त केलेले असतात, पण ते संकुल कोठे उभे आहे हे त्याने पाहिलेले नसते. प्रमाणपत्र मिळते, गुण मिळतात, अहवाल बांधून सादर होतो. शिक्षण मात्र राहून जाते. यात महाविद्यालयाचाही वाटा असतो. पत्र देऊन विद्यार्थ्याला पाठवले, की अध्यापकाचे काम संपले असे मानले, तर कार्यालयालाही विचारणारे कोणी उरत नाही.

येथे कोणी म्हणेल, की हे एवढे गंभीरपणे घेण्याचे कारण काय? २६ जानेवारी २००१ ची सकाळ गुजरातेत राहणाऱ्यांना विसरता येणार नाही. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये होते, तरी तेथून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि माणसे गाडली गेली. तळमजला वाहनांसाठी खांबांवर मोकळा सोडलेला आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशी रचना त्यांतील कित्येक इमारतींची होती. लोखंडाची बांधणी आणि काँक्रीटचा दर्जा यांतही उणिवा आढळल्या. खांबातील उभ्या सळ्यांभोवती जी आडवी कडी असते, तिला बांधकामावर 'रिंग' म्हणतात. भूकंपरोधक बांधणीच्या भारतीय मानकाप्रमाणे तिचे टोक १३५ अंशांत आत वळवावे लागते. वळवणाऱ्याला ९० अंशांचे टोक सोपे जाते, पण हादऱ्यात ते उघडते आणि खांब फुटतो. रचनेचा हिशेब अभियंत्याचा असतो हे खरे. तथापि काँक्रीट ओतण्यापूर्वी त्या रिंगेकडे पाहण्याची नजर वास्तुविशारदालाही हवी, कारण काँक्रीट पडल्यानंतर ती कोणालाच दिसणार नाही. ही नजर पडद्यावर नकाशे काढून येत नाही. सेंट्रिंगवर उभे राहिल्यानेच ती येते.

त्या जागेवरची भाषा कोणती असते, याचाही विचार या शाळेत व्हावा. मातृभाषेतून शिकलेला विद्यार्थी वास्तुकलेच्या महाविद्यालयात पाऊल ठेवतो, तेव्हा पहिले वर्ष बहुधा दबून जातो. व्याख्याने इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत, परीक्षकांसमोर स्वतःची कल्पना मांडायची तीही इंग्रजीत. बांधकामाच्या जागेवर मात्र चित्र पालटते. जोते, गिलावा, ओळंबा, गुण्या, पाणसळ, थापी हे शब्द त्याच्या घरचे असतात. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलाकडे तर दुहेरी धन असते : ओळंब्याला उत्तरेकडचा मिस्त्री साहुल म्हणतो आणि गुण्याला गुनिया, हे त्याला चटकन उमगते. मिस्त्रीशी त्याच्या भाषेत, अहो-जाहो करून बोलणाऱ्या उमेदवाराला मिस्त्री जे सांगतो, ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नसते. लॉरी बेकर यांनी केरळात कमी खर्चाची घरे बांधली, ती गवंड्यांच्या सोबतीने, जागेवर उभे राहून. विटा उभ्या कडेवर ठेवून मध्ये पोकळी सोडण्याची जी पद्धत त्यांनी रूढ केली, तिच्यात सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णताही कमी आत येते. अशी पद्धत नकाशात दाखवता येते, पण ती रुजते गवंड्याच्या हातात.

मग पालकांनी काय करावे? मुलाने निवडलेल्या कार्यालयाचे नाव किती मोठे आहे, याआधी चार गोष्टी विचाराव्यात. आठवड्यातून किमान एक दिवस बांधकामाच्या जागेवर नेतील का? त्याचे काम नावानिशी कोण तपासणार? विद्यावेतन किती, आणि ते लेखी कळवले आहे का? महाविद्यालयातील कोणते अध्यापक या काळात त्याच्या संपर्कात राहतील? मुलगी असेल तर जागेवर जाण्या-येण्याची सोय आणि कामाच्या वेळा यांविषयीही स्पष्ट बोलणे व्हावे. तिला 'जागेवर नको, तू कार्यालयातच बस' असे प्रेमापोटी सांगणे म्हणजे तिचे अर्धे शिक्षण काढून घेणे आहे. छोट्या गावातील एखादा वास्तुविशारद तीन घरे बांधत असेल आणि उमेदवाराला रोज सोबत नेत असेल, तर ती उमेदवारी महानगरातील काचेच्या इमारतीतील उमेदवारीहून कमी नाही. घरी परतल्यावर एकच प्रश्न पुरेसा आहे : तू काढलेली एखादी रेषा भिंत होताना पाहिलीस का? होय असे उत्तर आले, तर सोळा आठवडे सार्थकी लागले.

विद्यार्थ्याने रोजची नोंदवही ठेवावी. आज काय पाहिले, कोणाकडून काय शिकलो, नकाशातील कोणते माप जागेवर बदलले आणि का बदलले, एवढे रोज चार ओळी लिहिले तरी पुरे. पुढे स्वतःचे काम सुरू झाल्यावर ही वही पदवीच्या कागदाइतकीच उपयोगी पडते.

आणि माजी विद्यार्थ्यांनी? या शाळेतून बाहेर पडलेल्यांत वास्तुविशारद असतील, अभियंते, कंत्राटदार आणि शासकीय खात्यांतील अधिकारी असतील. दर वर्षी एका उमेदवाराला जागा देणे त्यांना अशक्य नाही. जे या व्यवसायात नाहीत, पण मोठ्या शहरात राहतात, त्यांनी परगावच्या विद्यार्थ्याला चार महिन्यांसाठी घरातील एक खोली दिली, तरी एक बंद दार उघडेल. शाळेने अशा घरांची आणि कार्यालयांची यादी ठेवावी. खर्च नाही, समारंभ नाही. एक वही आणि ती सांभाळणारा एक शिक्षक एवढेच लागेल.

आरंभही शाळेतच करता येईल. वास्तुकला शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीत येऊन शाळेच्या इमारतीची मोजणी करावी आणि बिनचूक नकाशे काढून ग्रंथालयात ठेवावेत. सोबत आठवी-नववीची मुले घ्यावीत आणि टेपचे दुसरे टोक त्यांच्या हाती द्यावे. पहिले माप जिन्याचे घ्यावे : तळची पायरी, मधली पायरी आणि सर्वांत वरची. तिन्ही आकडे फळ्यावर लिहावेत आणि ते सारखे का आले, किंवा का आले नाहीत, हे मुलांनाच विचारावे.